प्लेटलेट्सचे रक्षण बाटलीतून होत नाही



प्लेटलेट्स हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोहोचला तो डेंग्यूमुळे. पावसाळा सुरू झाला की "डॉक्टर, प्लेटलेट्स किती आल्या?" हा प्रश्न, पपईच्या पानांचा रस आणि रोजची रक्ततपासणी हे ठरलेलेच. त्यामुळे प्लेटलेट्स म्हणजे फक्त एक आकडा आणि तो कमी झाला की धोका, एवढेच बहुतेकांच्या मनात पक्के बसले आहे.

मधुमेहात मात्र गोष्ट वेगळी असते. तिथे आकडा बहुधा ठीक असतो. रिपोर्टवर दीड ते साडेचार लाखांच्या मध्ये कुठेतरी छान बसलेला असतो. बिघडलेला असतो तो प्लेटलेट्सचा स्वभाव. त्या चिडक्या होतात, जरा काही झाले की एकमेकींना चिकटतात आणि नको तिथे गुठळी करतात. मधुमेही माणसाला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येतो, त्यामागे या चिडक्या प्लेटलेट्सचा मोठा हात असतो.

हे आता लोकांच्या कानावर येऊ लागले आहे, ही चांगली गोष्ट. पण त्यापाठोपाठ बाजारही आला आहे. "मधुमेहात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, म्हणून ही अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल रोज घ्या" असा सल्ला शेजारी देतात, व्हॉट्सॲप देते, कधी कधी औषधाच्या दुकानातूनही मिळतो. या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा भाग खरा नाही. आजच्या लेखात मला नेमके हेच सांगायचे आहे. माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो: मधुमेहात प्लेटलेट्सचे ऑक्सिडेटिव्ह नुकसान ही खरी आणि गंभीर गोष्ट आहे, पण त्यावरचा उपाय जीवनसत्त्वांच्या बाटलीत नाही. तो तुमच्या साखरेच्या, रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या साध्या, कंटाळवाण्या नियंत्रणात आहे.

आता हे मत कशावरून, ते नीट पाहू.

प्लेटलेट्स म्हणजे नेमके काय?

प्लेटलेट्सना मराठीत रक्तबिंबिका म्हणतात. अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, मोठमोठ्या पेशी असतात. त्यांचे तुकडे सुटून रक्तात येतात, त्याच प्लेटलेट्स. आकार दोन ते तीन मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीच्याही निम्म्याहून कमी. आयुष्य सात ते दहा दिवस. तुमचे शरीर रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट्स तयार करते, तुम्हाला पत्ताही न लागता.

रक्त गोठण्यात यांचा हात असतो हे इटलीच्या जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ च्या सुमारास दाखवून दिले. भाजी चिरताना बोट कापले की काही सेकंदांत या प्लेटलेट्स तिथे धावतात, जखमेच्या कडेला चिकटतात, आतली रसायने सोडून आणखी मैत्रिणींना बोलावतात आणि भोक बुजवतात. हे त्यांचे काम. ते त्यांनी जखमेपाशी करावे आणि एरवी शांतपणे वाहत राहावे, एवढीच अपेक्षा असते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसते. म्हणजे नवीन प्रथिने बनवण्याचा मूळ आराखडाच तिच्याजवळ नसतो. इतर पेशी बिघडलेला भाग बऱ्यापैकी दुरुस्त करू शकतात. प्लेटलेटला जन्मतः मिळालेल्या शिदोरीवरच दिवस काढावे लागतात. त्यामुळे नुकसान झाले की ते तिला फार लवकर बाधते.

मधुमेहात काय बिघडते?

स्नायूंच्या पेशींत साखर शिरायला इन्सुलिनची मदत लागते. प्लेटलेटला ती लागत नाही. रक्तात साखर वाढली की तिच्या आतही साखर वाढते. दार बंद करण्याची सोयच नाही.

आत शिरलेली ही जादा साखर मग आडवाटेने जाते. एक एन्झाइम तिचे सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर करते आणि त्या कामात पेशीचा एक मौल्यवान साठा खर्ची पडतो. हाच साठा ग्लुटाथायोन या आपल्या शरीराच्या स्वतःच्या अँटिऑक्सिडंटला पुन्हा ताजेतवाने करण्यासाठी हवा असतो. म्हणजे एकीकडे आग वाढते आणि दुसरीकडे विझवायचे पाणी संपते.

आग कसली? आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनवर पेशी ऊर्जा तयार करतात. चुलीत लाकूड जळताना ठिणग्या उडाव्यात तसे या कामात काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. थोड्या ठिणग्या उडणे नैसर्गिक आहे, शरीर त्या विझवते. साखर सतत जास्त राहिली की ठिणग्या जास्त आणि विझवणारे कमी, अशी अवस्था येते. तिलाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मनाच्या ताणाशी या स्ट्रेसचा गोंधळ करू नका.

याचे प्लेटलेट्सवर होणारे परिणाम असे:

१. रक्तवाहिनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. तो प्लेटलेट्सना शांत ठेवतो. ठिणग्या हा वायूच नष्ट करतात. शांत करणाराच गेला.

२. प्लेटलेटच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ ऑक्सिडाइज होतात, सोप्या भाषेत सांगायचे तर खवट होतात. त्यातून आयसोप्रोस्टेन नावाचे पदार्थ बनतात आणि ते प्लेटलेट्सना आणखी डिवचतात. गंमत म्हणजे हे पदार्थ ॲस्पिरिनच्या वाटेने बनत नाहीत, त्यामुळे ॲस्पिरिन त्यांना अडवू शकत नाही.

३. प्रथिनांना साखर चिकटते. एचबीए१सी तपासणीत हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर आपण मोजतो. तसेच प्लेटलेटच्या आवरणाचेही होते. ते ताठर बनते.

४. प्लेटलेटमधली मोजकीच असलेली मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जेची केंद्रे, खराब होतात. फार खराब झाली की प्लेटलेट मरणपंथाला लागते आणि मरतानाही गुठळीला खतपाणी घालून जाते.

थोडक्यात, प्लेटलेट्स संख्येने तेवढ्याच, पण स्वभावाने भडक. आणि शेजारी कोलेस्टेरॉलने खडबडीत झालेली रक्तवाहिनी. ठिणगी आणि वाळका पेंढा एकत्र आल्यावर काय होते, ते वेगळे सांगायला नको.

पेशीची स्वतःची झाडलोट

प्लेटलेट अगदीच असहाय नसते. तिच्याकडे एक झाडलोटीची यंत्रणा असते. बिघडलेले मायटोकाँड्रिया वेगळे काढून ती त्यांची विल्हेवाट लावते. याला मायटोफॅजी म्हणतात. अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की मधुमेही माणसांच्या प्लेटलेट्समध्ये ही झाडलोट नेहमीपेक्षा बरीच वाढलेली असते, आणि ती प्लेटलेटला वाचवण्यासाठीच असते. ही यंत्रणा बंद पडली तर ऑक्सिडेटिव्ह नुकसान वाढते आणि गुठळ्या होण्याची प्रवृत्तीही वाढते. पेशींच्या या स्वच्छतेच्या मूळ यंत्रणेवरील कामासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले होते.

संशोधन सुंदर आहे. पण ते वाचून "मग ही झाडलोट वाढवणारी गोळी द्या" असे म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही. आणि इथे एक धोक्याची सूचना देतो. "ऑटोफॅजी वाढवायला सोळा-अठरा तास उपाशी राहा" असे संदेश फिरत असतात. तुम्ही ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल आणि डॉक्टरांना न विचारता उपाशी राहिलात, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. साखर एकदम खाली गेली की शरीरात ॲड्रिनलिन उसळते आणि त्यानेही प्लेटलेट्स भडकतात. म्हणजे ज्यांना वाचवायला गेलात, त्यांनाच डिवचून आलात.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचे काय?

तर्क अगदी सरळ वाटतो. ऑक्सिडेशनने नुकसान होते, ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे ऑक्सिडेशन रोखतात, म्हणून ही जीवनसत्त्वे घ्या. हा तर्क डॉक्टरांनाही पटला होता. १९९९ मध्ये इटलीतील संशोधकांनी मधुमेही रुग्णांना ‘ई’ जीवनसत्त्व दिले, तेव्हा लघवीतील आयसोप्रोस्टेन कमी झाले आणि प्लेटलेट्सची उत्तेजनाही कमी झाली. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. नुसती साखर चांगली नियंत्रणात आणली तरीही हे दोन्ही आकडे खाली आले. ही दुसरी गोष्ट जाहिरातीत कधीच सांगितली जात नाही.

पण प्रयोगशाळेतला आकडा सुधारणे आणि माणसाचा झटका टळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी हजारो माणसांवर, वर्षानुवर्षे चाचणी घ्यावी लागते. अशा दोन मोठ्या चाचण्या झाल्या. दोन्हींचे निकाल प्रत्येक मधुमेही व्यक्तीला ठाऊक असायला हवेत, असे मला वाटते.

पहिली चाचणी ‘होप’. निकाल २००० मध्ये आला. हृदयविकाराचा धोका जास्त असलेले ९,५४१ लोक, त्यांत साडेतीन हजारांहून अधिक मधुमेही. एकाच चाचणीत दोन प्रश्न विचारले होते: ‘ई’ जीवनसत्त्वाने फायदा होतो का, आणि रॅमिप्रिल या रक्तदाबाच्या गोळीने होतो का? सरासरी साडेचार वर्षांनी हिशेब केला. ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांना काडीचा फायदा झाला नव्हता. रॅमिप्रिल घेणाऱ्या मधुमेही लोकांत मात्र झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले होते. पुढे २००३ पर्यंत याच लोकांकडे लक्ष ठेवल्यावर ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गटात हार्ट फेल्युअरचे प्रमाण थोडे जास्तच आढळले.

दुसरी चाचणी ब्रिटनमधली, ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’, निकाल २००२. तब्बल २०,५३६ लोक, त्यांत जवळजवळ सहा हजार मधुमेही. इथेही दोन प्रश्न. एका बाजूला ‘ई’, ‘क’ आणि बीटा-कॅरोटीन असा अँटिऑक्सिडंटचा दणदणीत डोस, दुसऱ्या बाजूला सिम्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी. पाच वर्षांनी दिसले ते पुन्हा तेच. जीवनसत्त्वांचा फायदा शून्य. स्टॅटिनने मात्र झटके आणि पक्षाघात सुमारे एक चतुर्थांशाने कमी केले, मधुमेही लोकांतही जवळपास तेवढेच.

दोन्ही वेळा तीच माणसे, तोच काळ, तेच डॉक्टर. एक उपाय फसला आणि दुसरा यशस्वी झाला. यापेक्षा न्याय्य तुलना दुसरी कोणती असणार?

आणि ‘फायदा नाही, तर नाही, पण तोटा तरी काय?’ असे म्हणणाऱ्यांसाठी: बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला, हे १९९४ आणि १९९६ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसले. ‘ई’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिनबरोबर घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने काही ग्लुकोमीटर आणि दंडावर लावायचे काही सेन्सर साखरेचा आकडा खोटाच जास्त दाखवतात. त्या खोट्या आकड्यावर कोणी इन्सुलिन वाढवले तर काय होईल, याचा विचार करा.

गोळी का हरली?

कारणे बरीच आहेत. मला महत्त्वाची वाटतात ती तीन.

पहिले, नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नसतो. साखर २५० असताना दर क्षणाला नव्या ठिणग्या तयार होत असतात. कॅप्सूल किती पुसणार?

दुसरे, गोळीतले जीवनसत्त्व नेमके जिथे हवे, त्या मायटोकाँड्रियाच्या आत पुरेसे पोहोचेल याची खात्री नसते.

तिसरे, सगळ्या ठिणग्या वाईट नसतात. जंतूंना मारायला पांढऱ्या पेशी त्यांचाच वापर करतात. व्यायाम करताना स्नायूंत तयार होणाऱ्या थोड्या ठिणग्या शरीराला ‘तयार राहा’ असा निरोप देतात आणि त्यातूनच इन्सुलिनचे काम सुधारते. २००९ मध्ये जर्मनीत सुमारे चाळीस तरुणांवर एक प्रयोग झाला. व्यायामासोबत ‘क’ आणि ‘ई’ च्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्यांत व्यायामाचा हा फायदाच दिसेनासा झाला! प्रयोग छोटा आहे, पण विचार करायला लावणारा आहे. सकाळी घाम गाळून फिरून यायचे आणि घरी आल्यावर कॅप्सूल घेऊन तो फायदा पुसून टाकायचा, असा हा प्रकार.

इथे एक खुलासा. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते आणि ते तपासून द्यावे लागते. तळपायांची आग, मुंग्या यासाठी तुमच्या डॉक्टरांनी अल्फा लायपोइक ॲसिड असलेली गोळी दिली असेल, तर त्यामागे वेगळा विचार असतो. या गोष्टी स्वतःहून बंद करू नका. माझा आक्षेप आहे तो ‘हृदयासाठी, रक्तासाठी चांगले’ म्हणून मनाने घेतलेल्या बाटल्यांना.

ॲस्पिरिन सर्वांनी घ्यावी का?

प्लेटलेट्सचा विषय निघाला की ॲस्पिरिन आलीच. ती प्लेटलेटमधील एक एन्झाइम कायमचे बंद करते. केंद्रक नसल्यामुळे प्लेटलेटला ते नव्याने बनवता येत नाही, म्हणून छोटी गोळी तिच्या उरलेल्या आयुष्यभर परिणाम करते.

ज्यांना झटका किंवा गुठळीमुळे पक्षाघात येऊन गेला आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, त्यांना ॲस्पिरिनचा फायदा निर्विवाद आहे. त्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये. दात काढायच्या आधीसुद्धा परस्पर नाही.

ज्यांना असे काही झालेले नाही, फक्त मधुमेह आहे, त्यांचे काय? २०१८ मध्ये ‘असेंड’ चाचणीचा निकाल आला. १५,४८० मधुमेही, सरासरी सात वर्षांहून अधिक काळ. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ८.५ टक्के लोकांना गंभीर झटका वगैरे आले, न घेणाऱ्यांत ९.६ टक्के. मोठा रक्तस्राव मात्र ॲस्पिरिनवाल्यांत ४.१ टक्के आणि न घेणाऱ्यांत ३.२ टक्के. म्हणजे हजार लोकांत अकरा वाचले आणि नऊ जणांना रक्तस्राव झाला. फायदा आणि तोटा जवळजवळ तोडीस तोड. म्हणून मित्राला दिली म्हणून मलाही, असे ॲस्पिरिनच्या बाबतीत करू नका. हा निर्णय तुमचे वय, पोटातील व्रणाचा इतिहास, रक्तदाब आणि एकूण धोका पाहून डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

मग प्लेटलेट्सना वाचवायचे कसे?

१. साखर नियंत्रणात, पण हट्ट नको. बहुतेकांसाठी एचबीए१सी सातच्या आसपास हे चांगले उद्दिष्ट आहे. वय जास्त असेल, हृदयविकार असेल, साखर वारंवार कमी होत असेल तर थोडे सैल. २००८ मध्ये ‘ॲकॉर्ड’ या चाचणीत साखर अगदी सहाच्या खाली आणण्याचा अट्टहास केला, तेव्हा मृत्यू वाढले आणि तो भाग थांबवावा लागला. उलट ब्रिटनच्या ‘यूकेपीडीएस’ अभ्यासात, निदान झाल्याबरोबर साखर नीट सांभाळणाऱ्यांना त्याचा फायदा पुढे दहा वर्षांनीही मिळत राहिला. मधुमेह नवीन आहे, त्रास काही नाही, म्हणून दुर्लक्ष करण्याची हीच वेळ सर्वांत महागात पडते.

२. जेवणानंतरचा उसळा आवरा. २००६ मध्ये फ्रान्समधील एका छोट्या अभ्यासात साखरेच्या चढउतारांचा आयसोप्रोस्टेनशी जवळचा संबंध दिसला. फक्त उपाशीपोटीची साखर बघून समाधान मानू नका. जेवताना आधी कोशिंबीर, भाजी, उसळ खा आणि मग पोळी, भाकरी, भात. फळ चावून खा, रस काढून नको. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा म्हणजे साखरेला खुले आमंत्रण.

३. शतपावली. आपल्या आजीने सांगितलेली ही गोष्ट न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मोजून दाखवली. दिवसात कधीही एकदाच तीस मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर अधिक उतरली, आणि सर्वांत जास्त फरक रात्रीच्या जेवणानंतर पडला. शंभर पावले मात्र पुरत नाहीत, दहा मिनिटे हवीत. जेवून लगेच मालिका लावून बसणाऱ्यांनी मालिका उभ्याने, फेऱ्या मारत पाहावी.

४. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेही लोकांना स्टॅटिनचा फायदा होतो, कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ असले तरी. स्टॅटिनबद्दल भीती खूप पसरवली जाते. अंगदुखी झाली तर सांगा, गोळी किंवा मात्रा बदलता येते. पण एखादा व्हिडिओ पाहून ती बंद करू नका.

५. तंबाखू पूर्ण बंद. धूर तर प्लेटलेट्सना थेट भडकवतोच. पण विडी-सिगारेट नाही म्हणून मिश्री, गुटखा, तंबाखू-चुना निर्धोक ठरत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे माझ्या रुग्णांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. या एका सवयीपुढे जगातले सगळे अँटिऑक्सिडंट फिके आहेत.

६. अँटिऑक्सिडंट ताटातून. मेथी, शेपू, अंबाडी, चाकवत, कांदा, लसूण, हळद, आवळा, पेरू, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, मूठभर शेंगदाणे. आपले साधे ताट यात श्रीमंत आहे. ताटातून हे सगळे तंतुमय पदार्थांसह आणि बेताच्या प्रमाणात मिळते, गोळीसारखा एकाच जीवनसत्त्वाचा मारा होत नाही. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरू नका. आणि वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाज्यांचे प्रमाण रोज साधारण सारखेच ठेवा.

७. झोप. रात्री उशिरापर्यंत मोबाइल आणि पाच तासांची झोप यांनी साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. घोरणे जोरात असेल आणि दिवसा डुलक्या येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

रिपोर्टमधल्या आकड्यांबद्दल थोडेसे

सीबीसीच्या रिपोर्टवर प्लेटलेटच्या संख्येखाली एमपीव्ही असा आकडा असतो. तो म्हणजे प्लेटलेटचा सरासरी आकार. मधुमेहात तो सरासरीने थोडा जास्त आढळतो. पण त्यावरून कुणाला झटका येईल हे सांगता येत नाही आणि त्यावरून औषधही बदलत नाहीत. तो आकडा घेऊन रात्रभर इंटरनेट शोधत बसू नका. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजणाऱ्या महागड्या तपासण्यांचाही रोजच्या उपचारात उपयोग नाही. तुमच्या प्लेटलेट्सची खबरबात देणारे खरे आकडे चारच: एचबीए१सी, रक्तदाब, एलडीएल कोलेस्टेरॉल आणि दिवसाला तंबाखू किती वेळा.

खर्चाचाही विचार करा

भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, असा आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. यातल्या फार मोठ्या वर्गाला औषधे स्वतःच्या खिशातून घ्यावी लागतात. महिना अखेरीला पैसे कमी पडले की माणूस काय बंद करतो? जे घेतल्याने ‘काहीच जाणवत नाही’ ती रक्तदाबाची आणि स्टॅटिनची गोळी. आणि काय चालू ठेवतो? चकचकीत वेष्टनातली ‘ताकदीची’ कॅप्सूल. माझ्याकडे येणाऱ्या पिशव्यांत हे मी वारंवार पाहतो, आणि या लेखामागचे खरे कारण तेच आहे. ज्या गोळ्यांनी झटके टळतात हे सिद्ध झाले आहे, त्या जेनेरिक स्वरूपात जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात. ज्यांनी टळत नाहीत हे सिद्ध झाले आहे, त्या महाग आहेत. खिसा कुठे रिकामा करायचा, ते ठरवा.

हे मात्र विसरू नका

इतके करूनही गुठळी होऊ शकते. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणे, दरदरून घाम, अचानक दम लागणे यातले काही झाले तर ‘गॅस’ समजून वेळ घालवू नका. मधुमेहात नसा कमजोर झाल्यामुळे छातीत दुखल्याशिवायही झटका येऊ शकतो, नुसता घाम आणि अस्वस्थपणा असतो. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे. १०८ ला फोन करा आणि लगेच मोठ्या रुग्णालयात जा. पक्षाघाताच्या शंकेत मात्र घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका, कारण तो रक्तस्रावाने झाला आहे की गुठळीने, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

पुढच्या वेळी तपासणीला जाताना घरातली सगळी औषधे, जीवनसत्त्वे, चूर्णे, काढे एका पिशवीत भरून न्या आणि डॉक्टरांना प्रत्येक बाटलीबद्दल एकच प्रश्न विचारा: "याने माझा झटका टळतो हे माणसांवर सिद्ध झाले आहे का?" ज्यांचे उत्तर ‘हो’ असेल, त्या चुकवू नका. ज्यांचे उत्तर ‘नाही’ असेल, त्या कशासाठी आहेत ते समजून घ्या, आणि काहीच कारण नसेल तर त्या पैशांची भाजी आणि चालायला एक चांगला बूटजोड घ्या.

तुमच्या प्लेटलेट्स दर दहा दिवसांनी नव्या होतात. आजपासून साखर नीट सांभाळली, तर दहा दिवसांनी तुमच्या रक्तात फिरणाऱ्या जवळजवळ सगळ्या प्लेटलेट्स कमी साखरेच्या रक्तात जन्मलेल्या असतील. इतक्या लवकर नव्याने सुरुवात करण्याची संधी शरीर फार थोड्या ठिकाणी देते. ती घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या औषधांत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.)